चौऱ्याऐंशी पानं आणि एरंडेलाची डबी

"पण चूक कुठं आहे ते तरी सांगा, आण्णा!"

अभिनंदननं तिसऱ्यांदा विचारलं. आण्णांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

टेबलावर कागद होता. कागद म्हणजे एक पान नव्हे, चांगली चौऱ्याऐंशी पानं, वर प्लास्टिकचं कव्हर. काजूची बी फोडायचं नवं मशीन कसं असावं, त्यानं काय करावं, काय करू नये, त्यावर कोण बसणार, कसं बसणार, सगळं त्यात लिहिलेलं. शेवटच्या पानावर सहीच्या दोन रेघा. एकीवर अभिनंदनची सही झाली होती. दुसरी आण्णांची, ती मोकळी होती.

आमच्या शेडचा नियम गडहिंग्लजपासून आजऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नवं मशीन करायचं तर आधी मागणीचा कागद, त्यावर शिदलिंग आण्णांची सही, आणि मगच लोखंडाला करवत. सही नाही तर करवत नाही. मग मालक येऊन पाया पडो नाहीतर शिव्या देवो.

मी भैरू. तेव्हा लेथवर होतो, टेबलापासून चार हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं.

आण्णांनी पानं उलटली. पुन्हा एकतिसाव्या पानावर येऊन थांबले.

"चार वाजता काजूच्या कारखान्याच्या मालकाचा फोन येणार आहे," अभिनंदन म्हणाला. "आज सही झाली नाही तर तो जुन्याच पद्धतीची चाळीस मशीनं घेणार. स्पष्ट सांगितलंय त्यानं. मग त्या चाळीसांवर कोण बसणार? बायकाच ना?"

"बायकाच."

"मग त्यांची काळजी तुम्हाला आहे की नाही?"

हे जरा जास्तच झालं. पण पोरगा तसा वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. पुण्याची नोकरी सोडून आला, आण्णांच्या पायावर डोकं ठेवलं, पहिले सहा महिने शेड झाडली. चार वर्षांत त्याच्या हाताला चांगलं वळण लागलं होतं. फक्त आपलं कधी चुकतं, हे त्याच्या गावीच नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?" आण्णांनी विचारलं.

"मी. दुसरं कोण लिहिणार?"

"एकट्यानं?"

"एकट्यानं कसं? बेचाळीस बायकांना भेटलोय मी." त्यानं पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला. "वय, उंची, हाताची वीत, किती तास बसतात, पाठ दुखते का, डोळ्यांची आग होते का… काही सोडलेलं नाही."

"कुठं भेटलास?"

"कारखान्यात. मुकादमाच्या खोलीत. एकेकीला आत बोलावून."

"आणि मुकादम?"

"तो तिथंच होता. त्याचीच खोली ना ती."

"हं…"

"हं काय, आण्णा?"

"एकतिसावं पान वाच. मोठ्यानं."

अभिनंदननं दात आवळले, पण वाचलं. "'काम करताना कामगाराच्या हातात रबरी हातमोजे असतील. हात कोरडे असतील.' यात काय चुकलं? बेचाळीसपैकी बेचाळीस जणी म्हणाल्या, हातमोजे घालतो. एकसुद्धा नाही म्हणाली नाही."

"बेचाळीसच्या बेचाळीस?"

"हो!"

"आमच्या गल्लीत गणपतीच्या आरतीला चार माणसं एका सुरात येत नाहीत रे…"

मला हसू फुटलं. अभिनंदननं माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट्यानं लेथकडं वळलो.

"थट्टा पुरे झाली," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तुमच्या वेळी कागद होता का असला? मनात आलं, लोखंड कापलं, मशीन उभं केलं. गोकुळाक्काची दोन बोटं तुमच्याच मशीननं नेली, आण्णा. माझ्या कागदानं नाही नेली!"

मी लेथ बंद केला.

शेडमध्ये ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि आजवर कुणी तोंडातून काढली नव्हती. बी फोडायचं जुनं मशीन आण्णांनीच बनवलेलं, बावीस वर्षांपूर्वी. डाव्या हातानं बी ठेवायची, उजव्या हातानं दांडा वर धरायचा. दांडा सोडला की पातं खाली. गेल्या वर्षी गोकुळाक्काच्या डाव्या हातावर ते पातं पडलं. त्यानंतर आण्णांनी ते मशीन करणं बंद केलं. पण नक्कल करणारे काय कमी आहेत?

आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "माझ्याच मशीननं नेली."

अभिनंदनचा चेहरा उतरला. बोलून बसला होता, आता काय करणार?

"महिनाभर मी स्वतः चालवून बघितलं होतं ते," आण्णा म्हणाले. "रोज दोन तास. एकदाही दांडा सुटला नाही माझ्या हातातून. एकदाही नाही…"

"मग तिच्या हातातून कसा सुटला?"

आण्णा माझ्याकडं वळले.

"भैरू, गोकुळाला बोलवून आण. हात धुऊ नको म्हणावं. जशी असशील तशी ये."

कारखाना रस्त्याच्या पलीकडंच. मी गेलो. मुकादम कुरकुरला, पण आण्णांचं नाव काढल्यावर गप्प बसला. गोकुळाक्का पदर खोचून माझ्यामागं आली. वाटेत दोनदा विचारलं, "माझ्या हातनं काय चुकलं का रं?" मी म्हटलं, तुमच्या हातून काय चुकणार?

शेडमध्ये आल्यावर ती दाराशीच उभी राहिली. पन्नाशीची बाई, बारीक अंगाची. डावा हात सवयीनं पदराखाली.

अभिनंदन पुढं झाला. "आक्का, तुम्हीच सांगा आण्णांना. काम करताना हातमोजे घालता की नाही?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या खिशातल्या पेनाकडं बघितलं. टेबलावरच्या फॉर्मांच्या गठ्ठ्याकडं बघितलं.

"घालतो की, सायेब."

"ऐकलंत?" अभिनंदन आण्णांना म्हणाला.

"ऐकलं." आण्णा उठले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "गोकुळा, डबी दे."

"कसली डबी?"

"कमरेला आहे ती."

तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच कमरेची डबी काढून आण्णांच्या हातावर ठेवली. पत्र्याची गोल डबी, झाकण काळंकुट्ट झालेलं.

आत एरंडेल होतं. चुलीतली राख घालून कालवलेलं.

"हे काय आहे?" अभिनंदननं विचारलं.

आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काजूच्या टरफलातला चीक कातडीवर पडला की कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते. म्हणून बायका हाताला एरंडेल आणि राख चोळून बसतात. पण हे त्यानं मुकादमाच्या खोलीत विचारलं नव्हतं, आणि फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

"हात पुढं कर," आण्णा म्हणाले.

"कशाला?"

"कर."

त्यानं केले. आण्णांनी स्वतःच्या बोटांनी त्याच्या दोन्ही हातांना ते एरंडेल चोळलं, मनगटापर्यंत. अभिनंदनला किळस आली होती, पण तो हलला नाही.

कोपऱ्यात नव्या मशीनचा नमुना उभा होता. सगळा लाकडाचा, पण मापात. दांडा तेवढा खरा, चकचकीत स्टीलचा, आणि स्प्रिंग खरी. इथंही बी डाव्या हातानं ठेवायची आणि दांडा उजव्या हातानं वर धरायचा. तो सोडला की स्प्रिंग पातं खाली ओढणार. पात्याच्या जागी लाकडाची पट्टी लावली होती.

आण्णांनी खडू घेतला. पट्टीच्या खालच्या कडेला घासला, चांगला पांढरा होईपर्यंत. मग वाटीभर काजूच्या बिया समोर ठेवल्या.

"बस. चालव."

अभिनंदन बसला. दांडा वर धरला, बी ठेवली, हात मागं घेतला, दांडा सोडला. खट्.

दुसरी. खट्. तिसरी. खट्.

"कुठं सटकतोय?" तो म्हणाला. "पकडीचा हिशेब केलाय मी. सव्विसाव्या पानावर आहे."

"असेल. चालव."

खट्. खट्. खट्.

गोकुळाक्का बघत होती. तिच्या उजव्या हाताची मूठ तिच्याही नकळत आवळली होती. तिचे ओठ हलत होते, पण बोलायचं धाडस होत नव्हतं.

दहा झाल्या. बारा झाल्या. अभिनंदनच्या कपाळावर घाम आला. त्यानं कोपरानं तो पुसला आणि जरा वेग वाढवला.

"सावकाश, सायेब…" ती पुटपुटली.

"काही होत नाही, आक्का."

पंधरा. सोळा. आता त्याची पकड दर वेळी थोडी वर सरकत होती, आणि तो ती दर वेळी थोडी खाली आणत होता. मला ते दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं, कारण त्याचं लक्ष बीवर होतं.

एकोणिसाव्या बीला त्याचा डावा हात आत होता…

खट्.

"आगं आई गं!"

ओरडली ती गोकुळाक्का.

ती धावत गेली. त्याचा हात ओढून घेतला, उलटा केला, पालथा केला. "बघू, बघू लेकरा… तुटलं न्हाई न्हवं?"

तुटलं नव्हतं. लाकडाची पट्टी होती. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांवर खडूची एक पांढरी रेघ उमटली होती, सरळ.

तिनं त्या रेघेकडं बघितलं. मग पदराखालचा आपला डावा हात बाहेर काढला आणि त्याच्या हाताशेजारी धरला. तिची दोन बोटं जिथं संपत होती, त्याची रेघ तिथंच होती.

"खोटं बोललो मी," गोकुळाक्का म्हणाली, आणि रडू कोसळलं तिला. "हातमोजं हाईत. कपाटात हाईत. सायेब लोक बघायला आलं की घालायचं, गेलं की ठेवायचं. ते घातलं की बी कळत न्हाई बोटाला, गराचा तुकडा पडतो. तवा कोण घालतंय? पन मुकादम मागं हुबा हुता, लेकरा. कसं सांगू मी?"

"सगळ्याच…?"

"समद्याच. आन् दांड्याला चिंधी बांधतो आमी. जुन्या लुगड्याची, घट्ट. मंग सटकत न्हाई."

"चिंधी?"

हे अभिनंदननं विचारलं नाही. आण्णांनी विचारलं.

"व्हय. पयल्यापासनं."

"माझ्या मशीनच्या दांड्याला?"

तिनं मान हलवली.

"गोकुळा, मी दर महिन्याला येत होतो. तेलपाणी करायला, दुरुस्त करायला. मला कधी चिंधी दिसली नाही."

"तुमी यायच्या आदी सोडून ठेवायचो." ती खाली बघून म्हणाली. "आण्णांचं मशीन… आण्णास्नी वाईट वाटंल म्हून."

आण्णा तसेच मागं सरकले आणि स्टुलावर बसले. बावीस वर्षांत मी त्या माणसाला दिवसाउजेडी काम सोडून बसलेलं बघितलं नव्हतं.

"आणि त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "बोटं गेली त्या दिवशी चिंधी होती?"

"न्हाई. पावनं आलं हुतं कारखाना बघाया. मुकादम म्हटला, चिंध्या काढा, घाण दिसतंय."

आण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. लपवले नाहीत.

"तेलाचं तुम्हाला ठाऊक होतं," अभिनंदन हळू आवाजात म्हणाला. "आधीपासून."

"तेलाचं होतं. पण त्यानं दांडा सटकतो हे दवाखान्यात हिचा हात हातात घेतला, तेव्हा कळलं. चिंधीचं आत्ता कळतंय."

"मग मला का नाही सांगितलं? मी चार महिने घातलेत या कागदात!"

"सांगितलं असतं तर पंच्याऐंशीवं पान लिहिलं असतंस…"

तेवढ्यात फोन वाजला.

टेबलावर, फॉर्मांच्या गठ्ठ्याशेजारी. चार वाजायला पाच मिनिटं होती. मालक वेळेआधीच.

अभिनंदननं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी नजर दिली नाही. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पेन मात्र टेबलावर उघडं पडलं होतं, सही न झालेल्या कागदाशेजारी.

फोन वाजत राहिला.

त्यानं तेलकट हातानंच फोन उचलला.

"नमस्कार… हो, मीच… नाही. कागद तयार नाही."

पलीकडचा आवाज मला लेथपर्यंत ऐकू आला. काल तर झाला म्हणत होतास, खेळ आहे का हा, माणसं खोळंबलीत, असलं बरंच काही.

"काल मला माहीत नव्हतं," अभिनंदन म्हणाला. "चूक माझी आहे. आठ दिवस द्या."

पुन्हा आवाज. अभिनंदन ऐकत राहिला. त्याच्या कानामागून एरंडेल ओघळत होतं.

"सोमवार? सोमवारी सकाळी… ठीक आहे. देतो. पण तोवर एक करा. मुकादमाला सांगा, दांड्यांच्या चिंध्यांना हात लावायचा नाही. पाहुणे येवोत नाहीतर कोणी येवो… हो, चिंध्याच म्हणालो मी. पुन्हा कुणाचं बोट गेलं, तर चिंधी कुणी सोडायला लावली हे मी स्वतः चारचौघांत सांगेन."

त्यानं फोन ठेवला. तो दिवस गुरुवारचा. मध्ये तीन दिवस उरले होते.

"मिळाला सोमवार?" आण्णांनी विचारलं.

"मिळाला. सोमवारी नाही दिला तर ती चाळीस मशीनं येणार."

गोकुळाक्कानं पदरानं तोंड पुसलं. "चिंध्या बांधतो म्हना आमी. आता उजागरीनं बांधू."

आण्णा उठले. फळीवरून सुतळीचं मोठं बंडल काढलं आणि माझ्याकडं फेकलं. "आज सुट्टी व्हायच्या आधी कारखान्यात जा, भैरू. एकेका दांड्याला सुतळी आवळ. कशी आवळायची ते तिथल्या बायकांना विचार, तुझी अक्कल चालवू नकोस."

मी बंडल झेललं. पण लगेच निघालो नाही, खोटं कशाला बोलू?

अभिनंदननं चौऱ्याऐंशी पानांचा गठ्ठा उचलला, दोन क्षण हातात धरला आणि टेबलाखाली ठेवला. मग आपली खुर्ची ओढून गोकुळाक्कासमोर आणली.

"आक्का, बसा."

"खुर्चीवर? नगं गं बाई…"

"बसा म्हणतो ना. सकाळी आल्यापासून सांगा. आधी काय करता, मग काय करता. चिंधी कशी बांधता, केव्हा सोडता. घाई नाही. चुकलं तर मला थांबवा."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. जरा वेळानं नीट बसली. डावा हात पदराबाहेर, मांडीवर.

अभिनंदननं कपाटातून कोऱ्या कागदांचं नवं बंडल काढलं. वरचं पान पांढरंशुभ्र. त्यानं ते बोटाच्या टोकांनी, सांभाळून टेबलावर ठेवलं आणि तो नळाकडं निघाला.

"कुठं?" आण्णा म्हणाले.

"हात धुऊन येतो. मग लिहायला बसतो."

"धुऊ नकोस."

"अहो आण्णा, तेल आहे, राख आहे… कागद घाण होईल!"

आण्णांनी पेन उचललं आणि त्याच्या काळ्या, तेलकट हातात ठेवलं.

"पहिला चांगला स्वच्छ होता की रे."